शंभर आणि एक

ग्लासात ओतल्या ओतल्या नाक जवळ न्यायचं नाही. आधी ग्लास खिडकीशी धरून नुसतं पाहत राहायचं: लुईव्हिलचं ऑक्टोबरातलं तिरकं ऊन त्यात उतरतं, तांबूस रंग मधाळ होतो, मधाळ पुन्हा तांबूस, आणि काचेवरून जाड, संथ रेषा ओघळत राहतात. मग ओठ किंचित विलग ठेवून, ग्लास हनुवटीपाशी आणून, दुरूनच वास घ्यायचा. घाई केली की नुसती झिणझिणी नाकात चढते आणि बाकीचे सगळे गंध बाहेरच ताटकळतात.

समोर वाइल्ड टर्की १०१ ही बर्बन व्हिस्की आहे. १०१ प्रूफ, म्हणजे साडेपन्नास टक्के अल्कोहोल. इथे केंटकीत ती साध्या दुकानातल्या साध्या फळीवर मिळते, तीस डॉलरच्या आत. ज्या बर्बनसाठी लोक पहाटेपासून रांगा लावतात, त्यांच्यात तिला कुणी मोजत नाही.

पहिला वास येतो तो गुऱ्हाळाचा. पंचगंगेकाठी, माघातल्या थंडीत, काहिलीतला रस आटून काकवीपुढे सरकला की गोड आणि करपट यांच्या सीमेवरचा जो वास अंगावरच्या शालीत, केसांत, रात्रीच्या झोपेतसुद्धा शिरून बसायचा, तो. समुद्रापलीकडच्या एका काचेत तो मला इतक्या वर्षांनी भेटावा, याचं नवल अजून ओसरलेलं नाही. कारण इथे ऊस नाही, गूळ नाही. बर्बनमध्ये बाहेरून गोडी किंवा रंग घालायला कायद्यानेच मनाई आहे. किमान ५१ टक्के मका असलेल्या धान्याचं, पाण्यासारखं नितळ मद्य ओकच्या कोऱ्या, आतून जाळलेल्या पिंपात भरतात, एवढंच. त्या जाळाने लाकडात दडलेली साखर करपते, लाकडाला बळ देणारं लिग्निन फुटून व्हॅनिला मोकळा होतो. पुढे दर उन्हाळ्यात मद्य फुगून लाकडात शिरतं, दर हिवाळ्यात आक्रसून परततं, आणि येताना थोडा रंग, थोडा गंध, थोडा कडवटपणा घेऊन येतं.

झाडाची गोडी.

लॉरेन्सबर्गला, केंटकी नदीच्या काठावरच्या टेकाडावर ही पिंपं निजलेली असतात. मी गेले तेव्हा नदीवर धुकं होतं आणि १८८९ सालचा उंच रेल्वेपूल, ज्याच्यावरून आता गाडी जात नाही, धुक्यात अर्धाच दिसत होता. गोदामांच्या भिंती काळ्या, भोवतालच्या झाडांची खोडंही काळी. पिंपातून जे हवेत उडून जातं त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. त्या वाट्यावर एक काळी बुरशी जगते. गोदामाच्या वरच्या, तापणाऱ्या मजल्यांवर तर मद्यापेक्षा पाणीच अधिक उडतं, आणि मागे राहिलेलं मद्य वर्षागणिक तेज होत जातं. वाइल्ड टर्कीचे नावाजलेले डिस्टिलर जिमी रसेल इथे १९५४ साली कामाला लागले. पुढे सगळ्या बाजाराला हलकी, पांढरी मद्यं हवीशी वाटू लागली. १०१ चा आकडा मात्र हलला नाही. पिंपात भरताना कायद्याने साडेबासष्ट टक्क्यांपर्यंत जाता येतं, इथे साडेसत्तावन्नवरच थांबतात. त्यामुळे बाटलीत भरताना पाणी थोडंच घालावं लागतं, आणि पिंपात जे घडलं ते फारसं न विरळता माझ्यापर्यंत पोचतं.

आता घोट.

जीभ पेटते. जिभेवर उष्णता ओळखणारे जे ग्राहक असतात, ते एरवी साधारण ४२ अंशांना जागे होतात. अल्कोहोल त्यांचा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास खाली आणतं. आणि आपलं शरीर तर ३७ अंशांवर असतं. म्हणजे थंड काचेतून आलेल्या त्या घोटात आग नसतेच. जन्मापासून अंगात तेवत असलेली, सवयीने कधी न जाणवलेली आपलीच ऊब क्षणभर आपल्याला कळते. हे वाचलं त्या दिवसापासून मी जळजळीला सोसत नाही. तिची वाट पाहते.

दुसरा घोट गिळायचा नाही, तोंडभर फिरवत चघळायचा. जाळ ओसरतो आणि त्याच्यामागून दालचिनी येते, वाळलेली संत्र्याची साल, राय या धान्याची मिरीसारखी तिखट धार, आणि सगळ्यांच्या तळाशी मक्याचा भरदार, भाजका गोडवा. गिळल्यावर ऊब छातीत उतरते आणि तिथेच रेंगाळते. या ऊबेला इथे ‘केंटकी हग’ म्हणतात.

मग पाणी. चमच्याने, एक थेंब, मग अजून एक. पाणी पडलं की काही सुगंधी कण पृष्ठभागाकडे सरकतात. व्हॅनिला रुंदावतो, मिरी मागे हटते, कुठूनसा जुन्या चामड्याचा वास येतो. चाळीस टक्क्यांच्या बाटलीत हे पाणी कुणीतरी आधीच, सगळ्यांसाठी एकाच मापाने घालून ठेवलेलं असतं. इथे ते माझ्या हातात आहे. थकलेल्या संध्याकाळी मी तीन थेंब घालते, बर्फ पडत असेल तर एकही नाही.

हिच्यात उणं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. शेवटी ओकचा तुरटपणा जरा जास्त रेंगाळतो, आणि पहिल्यांदा पिणाऱ्याला तो कोरडा वाटेल. पांढऱ्या लेबलची इव्हन विल्यम्स याहून स्वस्त. १८९७ च्या कायद्याप्रमाणे एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर पन्नास टक्क्यांची. तीही मला प्रिय आहे. पण ती आधी गोड बोलते आणि लवकर उठून जाते. १०१ बसून राहते. या किमतीत मी तिलाच पहिला मान देते. तुम्ही घेतलीत तर पहिला घोट पाण्याशिवाय घ्या, अगदी छोटा, आणि दुसऱ्याची घाई करू नका.