भिरभिरं, भिंगरी, फिरकी : एका खेळण्याचे शब्द

भिरभिरं तुम्ही सगळ्यांनीच फिरवलं असेल. राजूरच्या गणपतीला अंगारकी चतुर्थीला गेलात, तर खेळण्यांच्या गर्दीत लेकरं आधी तेच मागतात. या एका खेळण्यातून मराठीचा अख्खा तास घेता येतो.

आधी बनवायला लावा. १५ सेंटिमीटरचा चौकोनी कागद घ्या, चारही कोपऱ्यांतून मध्याकडे कापा, मध्ये थोडी जागा सोडा. एकाआड एक टोक मध्यावर आणून टोचा. टाचणी नसेल तर बाभळीचा काटा आणि काडीला तुराटी. आपल्याकडे दोन्हीची कमी नाही.

आता शब्द. 'भिरभिर' हा किरकिर, फडफड यांसारखा अभ्यस्त शब्द. त्यावरून भिरभिरणे हे क्रियापद आणि भिरभिरे हे नाम. बोलताना आपण 'भिरभिरं' म्हणतो, लिहिताना 'भिरभिरे', अनेकवचन 'भिरभिरी'. पाखरू भिरभिरतं, गर्दीत आई दिसेना की लेकराची नजरही भिरभिरते. एक शब्द आनंदाचा, तोच घाबरण्याचाही.

त्याची भावंडंही सांगा. बटणात दोरा ओवून फिरवतो ती भिंगरी. कानातल्याच्या मागं बसते ती फिरकी. फिरकी गोलंदाज असतो आणि एखाद्याची फिरकीही घेतात. दिवाळीत फिरतं ते भुईचक्र, वाऱ्यावर वीज बनवते ती पवनचक्की.

मग वाक्प्रचार येतो, 'पायाला भिंगरी असणे'. अर्थ, सतत फिरत राहणे. पुस्तकी उदाहरण हौशी प्रवाशाचं असतं. माझ्या वर्गात चौथीच्या एका मुलीनं वाक्य केलं, "दिवाळी झाली की माझ्या आई-बापाच्या पायाला भिंगरी लागती." तिचे आई-वडील ऊसतोडीला जातात. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातल्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. मुकादमाची उचल घेतली की कोयता निघतो, तो उन्हाळ्यापर्यंत परत येत नाही. लेकरू सोबत गेलं की हजेरीपटावर त्याच्या नावापुढं रिकामे चौकोन राहतात.

तिचं वाक्य व्याकरणानं तपासलं तर 'लागती'चं 'लागते' करावं लागेल. ते नंतर, लिहिताना करू. आधी तिनं वाक्प्रचार किती नेमका वापरला, ते वर्गाला सांगायला हवं. घरची बोली चुकीची नसते, प्रमाण भाषा तिच्या शेजारी शिकवायची असते.

पालकांना एकच विनंती. कारखान्यावर जायचं ठरलं तर आधी शाळेत येऊन बोला. लेकरू आजीजवळ राहू शकेल का, गावात हंगामी वसतिगृह सुरू होतंय का, हे दिवाळीच्या आधीच विचारा. भिंगरी तुमच्या पायाला आहे, लेकराच्या हातात भिरभिरं आणि पाटीच राहू द्या.