बाहेर पडायचं, पण विचारायचं कोणाला?

स्विंडनमध्ये गोंयकार भेटला की पहिल्या पाच मिनिटांत पासपोर्टचा विषय निघतोच. लंडनहून रेल्वेनं तासाभरावरचं हे शहर. एके काळी रेल्वेच्या वर्कशॉपवर जगलं, मग होंडाच्या मोटारींवर, आणि आता बरंचसं गोदामांवर. त्या गोदामांच्या शिफ्टांमध्ये कोंकणी सर्रास ऐकू येते. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. ते घेऊन ही मंडळी युरोपीय संघाच्या दारानं सरळ इंग्लंडात आली. आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांना ती वाट नाही. आडनावं तीच, देवळं त्याच काळातली, पण १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि आमचा पोर्तुगालशी संबंध तिथेच संपला. ‘तुमच्या अप्पांनी तुमचा पासपोर्ट घालवला,’ असं माझा मडगावचा शेजारी म्हणतो. मी व्हिसाच्या रांगेत उभा राहून, फी भरून आलो आणि अजून भारतीय पासपोर्टवरच आहे.

२३ जून २०१६ ला मात्र बाजी उलटली. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर ब्रिटननं सार्वमत घेतलं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना त्यात मत होतं, म्हणजे मला होतं. युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांना, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडले तर, नव्हतं. ज्याचं इथलं राहणं-कमावणं सगळं त्या संघावर उभं, त्याला घरी बसवलं. आणि संघ राहिला काय, मोडला काय, ज्याच्या व्हिसाला काडीचा फरक पडणार नव्हता, त्या मला दोरीनं बांधलेली पेन्सिल हातात देऊन बूथमध्ये उभं केलं. ‘पळय पात्रांव, तुका वोट आसा, म्हाका ना,’ शेजारी हसून म्हणाला. हसण्यात फार जीव नव्हता. मी राहण्याच्या बाजूनं फुली मारली, खरं सांगायचं तर त्याच्याचसाठी. देशानं ५१.९ टक्के मतांनी बाहेर पडायचं ठरवलं. स्विंडननं तर ५४.७ टक्क्यांनी.

त्याला दहा वर्षं होत आली आणि वाद संपलेला नाही. तो ऐकायचा तर आमच्या अलॉटमेंटवर यावं. इथे भाजीपाला लावायला जमिनीचा तुकडा वर्षाच्या भाड्यानं मिळतो, त्याला अलॉटमेंट म्हणतात. माझ्या तुकड्यात मेथी, कोथिंबीर, लाल भोपळा आणि काचेआड कशीबशी तग धरलेली मिरची. केळ नाही. वसईच्या माणसानं केळीशिवाय वाडी केली हे घरी कळलं तेव्हा वहिनी फोनवर बराच वेळ हसत होती.

माझ्या उजवीकडचे गृहस्थ होंडातून निवृत्त झालेले, बाहेर पडण्याच्या बाजूचे. डावीकडे एक निवृत्त शिक्षिका, राहण्याच्या बाजूच्या. मधे मी आणि माझी मेथी. होंडानं २०१९ च्या फेब्रुवारीत कारखाना बंद करणार असं जाहीर केलं आणि जुलै २०२१ मध्ये बंद केला. साडेतीन हजार नोकऱ्या होत्या. कारण ब्रेक्झिट नाही, जगभरातला मोटारधंदाच बदलतोय, असं कंपनीनं सांगितलं होतं. बाईंचा त्यावर विश्वास नाही, गृहस्थांचा पूर्ण आहे. पण ते दुसऱ्याच गोष्टीनं खवळतात. बाहेर पडल्यावर युरोपातून येणारी माणसं घटली आणि भारत, नायजेरिया इथून येणारी वाढली. माझी बायको इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, तिच्या वॉर्डात आता मल्याळम येत असेल तर काम सोपं होतं. ‘आम्ही याच्यासाठी मत दिलं नव्हतं,’ गृहस्थ म्हणतात आणि लगेच माझ्याकडे बघून ‘तुमच्याबद्दल नाही हं’ असं जोडतात. ‘मग कशासाठी दिलं होतं?’ बाई वाफ्यातून मान वर न करता विचारतात.

ह्या प्रश्नाला गृहस्थांचं उत्तर दर वेळी वेगळं असतं. कधी मासेमारी, कधी प्रचाराच्या बसवर रंगवलेले आठवड्याचे ३५ कोटी पौंड. एकदा मात्र ते खुरपं ठेवून नीट बोलले. माझ्या आयुष्याबद्दल ठरवणारा माणूस मला कधी दिसलाच नाही, म्हणाले. आमचा नगरसेवक कितीही बिनकामाचा असला तरी तो दुकानात भेटतो, त्याला चार शब्द सुनावता येतात; ब्रसेल्समध्ये मी कोणाला गाठणार?

हे मी आधी ऐकलेलं होतं, वसईकडे, निर्मळच्या नाक्यावर. ब्रसेल्सच्या जागी तेव्हा विरार होतं.

जुलै २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि ५३ गावं एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. पश्चिम पट्ट्यातली गावं म्हणजे आगाशी, वटार, राजोडी, नाळे, वाघोली, निर्मळ, भुईगाव, गिरीज, गास. बागायती, बावखलं (गोड्या पाण्याची तळी), पानवेली, फुलं. पहाटेच्या गाडीनं दादरला जाणाऱ्या मोगऱ्याच्या आणि सोनचाफ्याच्या करंड्या याच गावांतल्या. हरित वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी आधीच लोकांना जागं केलं होतं, त्यामुळे पालिका म्हणजे बिल्डर हे समीकरण प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं होतं. ‘गावं वगळा’ ही घोषणा घराघरांतून उठली. ग्रामपंचायतीचा सरपंच दारात सापडायचा, घरपट्टी परवडायची, बावखलात भराव पडला तर ग्रामसभेत उभं राहून विचारता यायचं. विरारला कोणाला विचारायचं?

पुढे जे झालं ते ब्रिटनच्या अगदी उलट. तिथे मत विचारलं आणि मग त्याचा अर्थ काय यावर साडेतीन वर्षं संसदेत डोकी फुटली. आमच्याकडे मत विचारलंच नाही. महापालिकेची हद्द सरकार अधिसूचनेनं ठरवतं, लोकांकडून फक्त हरकती आणि सूचना मागवतं. सार्वमताची सोय कायद्यात नाही. मग लोकांनी जे हाताशी होतं ते वापरलं. ऑक्टोबर २००९ ची विधानसभा गावांच्या प्रश्नावर लढली गेली आणि वसईतून जनआंदोलन समितीचे विवेक पंडित निवडून आले. मे २०११ मध्ये सरकारनं २९ गावं वगळली. महापालिका हायकोर्टात गेली, स्थगिती मिळाली, आणि गावं न आत न बाहेर अशी वर्षानुवर्षं लोंबकळत राहिली. मधे २०१४ साली महापालिकेच्या बाजूचे हितेंद्र ठाकूर पुन्हा निवडून आले. त्याच साली ठाणे जिल्हा तोडून पालघर वेगळा झाला, तेव्हाही आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, पण त्याचं कोणाला फार वाटलं नाही. २०२४ च्या सुरुवातीला सरकारनं आपलाच २०११ चा निर्णय मागे घेतला आणि गावं महापालिकेतच ठेवायचं ठरवलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात विवेक पंडितांच्या कन्या स्नेहा दुबे पंडित भाजपतर्फे, म्हणजे त्याच सत्ताधारी बाजूच्या तिकिटावर, ठाकूरांना तीन हजारांच्या आसपास मतांनी हरवून आमदार झाल्या.

आता यातून गावांचं मत काय काढायचं? २००९ ला बाहेर, २०१४ ला आत, २०२४ ला पुन्हा बाहेर? की लोक दर वेळी आणखी कशावर, पाण्यावर, जातीवर, कंटाळ्यावर मत देत होते? नाक्यावर प्रत्येकजण छातीठोकपणे सांगतो की गाव आपल्याच बाजूला आहे. मोजलंच नाही म्हटल्यावर सगळेच बहुमतात.

आमदार निवडणं आणि एका प्रश्नाचं उत्तर देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शेजारच्या गोव्यानं १९६७ साली दाखवून दिलेलं आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर तिथे १६ जानेवारीला जनमत कौल झाला. विलीनीकरणासाठी फूल, वेगळं राहण्यासाठी दोन पानं. कौल निर्भेळ व्हावा म्हणून दयानंद बांदोडकरांचं मंत्रिमंडळ आधी पायउतार झालं होतं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा (मगोप), म्हणजे बांदोडकरांच्या विलीनीकरणवाद्यांचा, पराभव झाला. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, त्याच मतदारांनी विधानसभेत तीसपैकी सोळा जागा मगोपला देऊन बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. भाऊ बांदोडकर आम्हाला हवेत, त्यांचं विलीनीकरण नको. दोन वेगळ्या चिठ्ठ्या मिळाल्या म्हणून हे सांगता आलं. एकाच चिठ्ठीत दोन्ही कोंबलं असतं तर गोव्याचं काय झालं असतं, याचा विचार माझ्या मडगावच्या शेजाऱ्यानं केलेला आहे. त्याचे वडील दोन पानांवाले होते. एरवी अबोल माणूस, पण हा विषय निघाला की पुरता अर्धा तास थांबत नाही.

तरी मी वसईला ‘एकदा मत घेऊन टाका’ असा सल्ला इथे बसून देत नाही, कारण मत घेतल्यावर काय होतं तेही मी अलॉटमेंटवर बघितलंय. ब्रिटिशांनी ‘बाहेर’ म्हणजे काय ते आधी लिहूनच ठेवलं नव्हतं. बाजारात राहून बाहेर, की बाजारही सोडून? तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार जानेवारी २०१९ मध्ये संसदेनं ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेकून दिला. त्या ४३२ मध्ये आत राहू इच्छिणारे होते, तसेच हे पुरेसं बाहेर नाही म्हणणारेही होते. आमच्याकडे कल्याण-डोंबिवलीची २७ गावं २००२ साली महापालिकेतून बाहेर पडली आणि २०१५ साली पुन्हा आत आणली गेली. मधल्या तेरा वर्षांत तिथे हिरवळ राहिली का इमारती उठल्या, हे त्या बाजूला गेलेल्याला सांगायला नको.

गेल्या महिन्यात रविवारी घरी फोन लावला तेव्हा स्पीकरवर सगळेच होते. भाऊ वाडीत राहतो, गावं बाहेर काढलीच पाहिजेत या मताचा. पुतण्या विरारला फ्लॅटमध्ये राहतो, त्याला हे सगळं जुनाट वाटतं. ‘पप्पा, सूर्या धरणाचं पाणी पंचायतीनं आणलं असतं का?’ ‘आणि २०१८ ला जे घरात आलं ते कोणाचं पाणी होतं?’ भावानं विचारलं. त्या जुलैत वसई दिवसच्या दिवस पाण्याखाली होती. पाणी मुरायच्या जागा भरावाखाली गेल्या म्हणून ते तुंबलं, असं भावाचं म्हणणं. पुतण्या म्हणाला, भराव टाकायला जमिनी विकल्या कोणी? गावातल्यांनीच ना?

वाद वाढू नये म्हणून मी विचारलं, समजा उद्या खरंच मत घेतलं, तर प्रश्न काय छापायचा? भाऊ म्हणाला, आत की बाहेर, दोनच चौकोन. पुतण्याला तिसरा हवा होता: बाहेर पडून ग्रामपंचायत, की गावांची स्वतःची नगरपालिका? भावाला ती पळवाट वाटली. अलॉटमेंटवरच्या बाईंनी पुतण्याची पाठ थोपटली असती.

मग मतदार कोण, यावर गाडी आली. नव्या इमारतींतले भाडेकरू? ते काल आले, उद्या जातील, भाऊ म्हणाला. (मीही स्विंडनमध्ये भाडेकरूच होतो हे मी बोललो नाही.) आणि गावचा पण विरारला राहणारा? ‘म्हणजे मी,’ पुतण्या म्हणाला. आणि परदेशात राहणारा? म्हणजे मी. मला यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला स्वतः यावं लागतं.

भावानं शेवटी तोडगा काढला. ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्यालाच मत. गाव जमिनीचं आहे, जमीनवाल्यांनी ठरवावं.

‘बरं झालं सांगितलंत,’ मागून वहिनी म्हणाली. ‘तीस वर्षं मोगरा मी खुडतेय. सातबाऱ्यावर माझं नाव कुठाय?’

भाऊ म्हणाला, ते नंतर बघू.