घंटानाद

गेल्या डिसेंबरात एक माजी विद्यार्थी घरी आला. कॅम्पातल्या चर्चमध्ये तो गिटार वाजवतो. "सर, तुमचा लाँगफेलो ऐका," म्हणत त्याने मोबाईल पुढे केला.

अमेरिकेतील 'कास्टिंग क्राउन्स' या ख्रिस्ती बँडचा 'पीस ऑन अर्थ' हा नाताळगीतांचा अल्बम २००८ साली निघाला. त्यांचा प्रमुख गायक मार्क हॉल हा जॉर्जियातील एका चर्चमध्ये तरुणांचा पाळक. अल्बममध्ये बहुतेक जुनी, घरोघरी पाठ असलेली गाणी. लाँगफेलोच्या नाताळच्या घंटांवरील कवितेला मात्र या मंडळींनी नवी चाल लावली, वर स्वतःचे धृपद जोडले. जुन्या चाली लोकांच्या ओठांवर असताना हे धाडसच. पण तिकडच्या ख्रिस्ती रेडिओवर हेच गाणे पहिल्या क्रमांकावर गेले.

तीस वर्षे मी वर्गात लाँगफेलो शिकवला तो 'अ साम ऑफ लाइफ'चा, उमेद देणारा. या कवितेमागचा माणूस मुलांना कधी सांगितलाच नाही. १८६१ साली कपड्यांनी पेट घेऊन त्याची पत्नी गेली. १८६३ साली थोरला चार्ल्स बापाला न विचारता यादवी युद्धात लढायला गेला. नोव्हेंबरात त्याला गोळी लागली. छप्पन्न वर्षांचा बाप वॉशिंग्टनला जाऊन त्याला घरी घेऊन आला, आणि त्याच नाताळात ही कविता लिहिली. गाण्यात तोफांचे कडवे गाळले आहे. पण जगात शांती उरली नाही म्हणून मान खाली घालणारा माणूस ठेवला आहे. घंटा त्यानंतर मोठ्याने वाजतात.

मीही छप्पन्नाचा. मराठा लाईट इन्फंट्रीच्या गावात जन्म गेला, दुसऱ्यांच्या मुलांच्या शपथविधीला टाळ्या वाजवल्या. माझा मुलगा न विचारता भरती झाला, तेव्हा मात्र बोलणे टाकले. दोन वर्षे त्याचा फोन आला, की ही बोलायची आणि मी व्हरांड्यात जायचो. चार्ल्सच्या बापाने जखमी मुलाला आधी जाब विचारला असेल का? गाणे संपले तरी हा प्रश्न सुटेना.

विद्यार्थ्याला चहा दिला. तो गेल्यावर हिच्याकडे नंबर मागितला. ती काही बोलली नाही, फक्त फोन लावून हातात दिला. पलीकडून "बाबा?" एवढेच आले. मी हवापाणी विचारले. दुसरे काही सुचले नाही.

यंदा फराळाच्या डब्यात माझेही पत्र आहे.