डिकीतला पाहुणा

जुनी गाडी घेताना टायर बघावेत, धूर बघावा, कागदपत्रं बघावीत, असं मला निदान वीस जणांनी सांगितलं. डिकी उघडून बघा, असं मात्र कोणी म्हणजे कोणी सांगितलं नाही. त्यामुळे २०२३च्या गणपतीत आमच्या नांदेडच्या घरापुढे गाडी उभी राहिली, तेव्हा तिच्या पोटात एक बूफर होता, हे मला दुसऱ्या दिवशी भाजीची पिशवी ठेवताना कळलं. पिशवीला जागाच नव्हती.

बूफर हा मुद्रणदोष नाही. त्याचं खरं नाव सबवूफर आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण नांदेडात 'सबवूफर' म्हटलं, की गिऱ्हाईक पुण्याहून आलंय असं समजून दुकानदार भाव वाढवतो.

तर हा बूफर म्हणजे एक भलंमोठं खोकं, त्यात बारा इंची कोन, त्याच्या पाठीला जात्याच्या तळीएवढं लोहचुंबक आणि शेजारी अ‍ॅम्प्लिफायर. सगळं मिळून पंचवीसेक किलो. विकणाऱ्या तरुणाने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, "काका, सिस्टीम सांभाळा." मला वाटलं, गाडीची सिस्टीम म्हणत असेल.

मी पहिल्यांदा लावल्या त्या आकाशवाणीच्या बातम्या. बाई गोड आवाजात पावसाचा अंदाज सांगत होत्या आणि तो पाऊस माझ्या डिकीत गडगडत होता. चिरंजीव मात्र खूश. एरवी मंडईत जा म्हटलं तर पाय दुखणारा हा मुलगा आता कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी गाडी काढू लागला. तो गल्लीच्या तोंडाशी वळला, की आमच्या खिडकीच्या काचा आधी बोलायच्या. "आला गं तुझा," असं मी हिला सांगायचो.

महिनाभरात बूफरने मान टाकली. घरात सुतक. मी वरवर दुःखी चेहरा करून त्याला देगलूर नाक्याजवळच्या एका उस्तादांकडे नेला. उस्तादांनी कोनावर चार बोटं हलकेच टेकवून तो आतबाहेर केला आणि कान लावला. नाडी बघणाऱ्या वैद्याच्या चेहऱ्यावरही इतकं गांभीर्य मी पाहिलेलं नाही. "घासतंय. कॉइल गया," ते म्हणाले. मग कोन सोडवून जळकी कॉइल माझ्या नाकाखाली धरली. तांब्याची केसासारखी तार, तिच्यात वीज गेली की ती चुंबकापुढे थरथरते आणि कोनाला ढकलते. "साब, बोलनेवाली येच है, बाकी सब डब्बा." हे वाक्य मला माझ्या नोकरीतल्या अनेक कचेऱ्यांविषयी पटलं.

"पण जळली कशाने?" "आवाज जास्ती." चिरंजीव छताकडे बघू लागले. अ‍ॅम्प्लिफायर सहाशे वॅटचा आहे, हे मला तिथेच कळलं. गाडीचे दोन्ही पुढचे दिवे मिळून एकशे दहाच्या आसपास. म्हणजे हा प्राणी रस्त्यावरच्या उजेडाच्या पाचपट खाणार. रात्री प्रत्येक ठोक्याला दिवे का मिचकतात आणि सकाळी गाडी ढकलावी का लागते, या दोन्ही कोड्यांचा उलगडा झाला. नवी कॉइल बसली, कोन चिकटवला, "चोवीस घंटे सूखने दो," असं पथ्य मिळालं. बिल इथे लिहीत नाही. हा मजकूर ही वाचते.

दिवाळीला सासुरवाडीला, म्हणजे लातूरला निघालो. लोहा, अहमदपूर झकास पार पडलं आणि चाकूर सोडल्यावर बूफर पुन्हा गप्प. मी गणपतीला मनातल्या मनात नारळ बोललो. पण चिरंजीव कसले ऐकतात! लातुरात शिरल्या शिरल्या, घरी चहा घेण्याआधी, आम्ही गंजगोलाईत. तिथे सोळा रस्ते येऊन मिळतात. दुकान त्यांतल्या एकावर होतं, आणि ते आम्हाला चौथ्या फेरीला सापडलं. तिथल्या कारागिराने बूफरकडे पाहिलंसुद्धा नाही. अ‍ॅम्प्लिफायरची काळी वायर ओढली, ती हातात आली. "कुण्या येड्यानं अर्थिंग रंगावर दिलंय?" त्याने पत्र्याचा रंग खरवडून वायर घट्ट पिळली. दहा मिनिटांचं काम. "आता पहाटे थंड हवेत वाजवून बघा. बेस काय येतो बघा!"

हा सल्ला चिरंजीवांनी शब्दशः पाळला. नरकचतुर्दशीच्या पहाटे, मी अंगाला तेल लावून पाटावर बसलेलो असताना.

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात फळीच्या टोकाला एक रचना असते. पालथा तांब्या, त्यावर फुलपात्र, त्यावर चमचा. तिला हात लावायचा नाही, एवढं मला लग्नापासून माहीत होतं. ती पडली. सासूबाई एक शब्द न बोलता नातीला उचलून बाहेर. त्यांच्यामागे सगळं घर, शेजारचं घर, त्याच्या पलीकडचं घर आणि शेवटी टॉवेल सावरत, तेलाने निथळणारा जावई. रस्त्यावर गाडी धडधडत होती.

चिरंजीवांनी आवाज बंद केला. लोक हसले, कोणी मला उद्देशून 'अभ्यंग' म्हणालं. सासूबाई मात्र बोटाने माणसं मोजत होत्या. एकदा मोजली, पुन्हा मोजली.

"अहो, दिवाळी आहे, फटाके तर चालूच होते की," मी म्हटलं.

"फटाका कानाला कळतो, जावईबापू. हे तळपायाला कळलं."

त्यांचं घर किल्लारीच्या पंचक्रोशीतलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटं होती. आदल्या रात्रीच गणपती बोळवून गाव झोपलं होतं. दगडमातीच्या हात-हातभर भिंती आणि वर माळवदाची माती. उन्हाळ्यात गार आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी म्हणून ज्या घरांचं कौतुक, तीच अंगावर आली. अंधारात त्यांनी माणसं मोजली तेव्हा एक कमी भरत होतं. धाकट्या जाऊबाई. ते माणूस मग भरलंच नाही. हे सगळं त्यांनी मला त्या सकाळी फराळाचं ताट वाढताना सांगितलं, आणि "करंजी घ्या," म्हणाल्या.

नांदेडला परतल्यावर उस्तादांनी खोकं डिकीतून काढलं. चिरंजीवांनी हूं की चूं केलं नाही. फक्त ते उचलून आपल्या खोलीत नेलं. मी आमच्या फळीवर एक तांब्या पालथा घातला. ही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्यावर फुलपात्र दिसलं, तिसऱ्या दिवशी चमचा.

१० जुलै २०२४. सकाळचे सव्वासात. चमचा खणकन पडला. "कमी कर तो आवाज!" मी ओरडलो. उत्तर नाही. तांब्याही गडगडला, तेव्हा ही माझा दंड धरून अंगणात. हिंगोलीकडचा ४.५चा धक्का, हे नंतर कळलं. तोवर लातूरचा फोन आला होता.

"बाहेर आलात? माणसं मोजली?"

"तिघं तर आहोत आम्ही, मोजायचं काय?"

"मोजा."

मोजली. दोन भरली. मी आत धावलो. ज्याच्या बूफरने तीन घरं रस्त्यावर आली होती, तो त्याच खोक्याला पाठ लावून घोरत होता. त्याला उशीसकट ओढत बाहेर आणला. फोन हिच्या हातात तसाच चालू होता.

"किती भरली?"

"तीन," मी म्हटलं.