थोडे सामान, एक जागा अधिक

बेळगावहून चोर्ला घाटाने मोटारीतून गोव्यास जाणे म्हणजे जेमतेम अर्ध्या दिवसाचा प्रवास. तरीही पुष्कळ कुटुंबे अशी निघतात, जणू समुद्रकाठी नवा संसारच थाटावयाचा आहे!

गतवर्षी आमचेही तसेच झाले. पेट्या, उशा, गाद्या, पातेली यांनी मोटार भरली आणि मुलांच्या आजीस बसावयास जागा उरली नाही. “तुम्ही जाऊन या, बाळांनो,” असे म्हणून ती जपमाळ घेऊन उंबरठ्यावर बसली. कोलव्याच्या वाळूत मुले खेळली; आम्हा उभयतांचे मन मात्र त्या उंबरठ्याशीच घोटाळत राहिले.

यंदा प्रथम आजीची जागा ठरविली व मग सामानाचा विचार केला. प्रत्येकास एकच कापडी पिशवी. तीत सुती कपड्यांचे दोन जोड, एक पंचा व मिस्सेकरिता एक चांगला पोशाख. सर्वांत मिळून एक चादर, औषधांचा डबा, पिण्याचे पाणी, दशम्या आणि चटणी. खारे झालेले कपडे विहिरीच्या गोड्या पाण्यात खळबळून उन्हात टाकले, की पुन्हा अंगावर!

वाटेत जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेविअर यांच्या समाधीपुढे आम्ही गुडघे टेकले. १५४१ साली लिस्बनहून निघताना राजाने देऊ केलेले बहुतेक साहित्य नाकारून त्यांनी थोडी पुस्तके व जाडीभरडी वस्त्रे एवढेच घेतले होते.

सायंकाळी कोलव्याच्या लाटेने आजीची पावले भिजविली. तिने क्रूसाची खूण केली.

वाचकहो, मोटार भरण्यापूर्वी घरी कोण राहत आहे, तेवढे पाहावे.