मोंतेविदेओच्या कठड्यावर

आपल्याकडे चैत्रपालवी फुटते त्या दिवसांत मोंतेविदेओत पानगळ असते. रस्त्यांच्या दुतर्फा लावलेली चिनाराच्या कुळातली झाडं तांबूस होतात आणि पदपथावर वाळक्या पानांचा थर साचतो. उरुग्वेच्या या राजधानीत आम्ही दोघं एप्रिलमध्ये गेलो. एवढ्या लांब जायचं तर ब्युनॉस आयर्स सोडून इथे कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. आम्हाला पाहायचं कमी आणि राहायचं जास्त होतं, एवढंच त्याचं उत्तर.

पाहण्यासारखं इथेही आहेच. स्वातंत्र्य चौकाच्या कोपऱ्यावर पालासियो साल्वो ही 1928 सालची उंच, बुरुजांची इमारत उभी आहे. तिच्या जागी पूर्वी एक कॅफे होता. वास्तुशास्त्र शिकणाऱ्या एका मुलानं रचलेली ‘ला कुम्पार्सिता’ 1917 मध्ये तिथे पहिल्यांदा वाजली आणि पुढे टँगो म्हटलं की जगाला तीच चाल आठवू लागली. जुन्या शहरात 1877 पासून चालू असलेला काफे ब्रासिलेरो आहे. लेखक एदुआर्दो गालेआनो तिथे नेमानं येऊन बसायचे. तिथल्या खिडकीपाशी आम्ही एका कॉफीवर सकाळ काढली आणि उठा म्हणून कुणी सुचवलंही नाही.

पण मोंतेविदेओ खरं भेटतं ते रांब्लावर. रांब्ला म्हणजे पाण्याच्या कडेनं वीस किलोमीटरहून जास्त लांब, सलग गेलेला रस्ता आणि त्याला लागून रुंद फरसबंद वाट. जुन्या भागात तिचा कठडा गुलाबी ग्रॅनाइटचा आहे. दुपारी तापलेला हा दगड संध्याकाळी टेकलं की पाठीला उबदार लागतो. समोरचं पाणी समुद्राचं वाटतं, पण ते रिओ दे ला प्लाता नदीचं. पैलतीर दिसतच नाही. पाराना आणि उरुग्वे या नद्या आतल्या मुलखातला गाळ आणतात म्हणून रंग मातकट. वारं फिरून समुद्राचं पाणी आत शिरलं, की तेच हिरवट दिसू लागतं. ही वाट नावं बदलत जाते. कधी फ्रान्स, कधी आर्जेन्टिना, कधी पेरू. आणि पुंता कार्रेतासच्या बाजूला एका तुकड्याचं नाव आहे रांब्ला महात्मा गांधी. पाटीवर ते नाव वाचून दोघांनाही भरून आलं. चालण्याशी ज्यांचं आयुष्य इतकं जोडलेलं होतं, त्यांच्या नावानं चालायची वाट असावी, याहून योग्य स्मारक मला सुचत नाही.

चालताना हा चार पावलं पुढे आणि मी मागे, अशी आमची संसारभराची रीत. ह्याला पोचायचं असतं, मला थांबायचं असतं. रांब्लावर मात्र पोचायला काही नव्हतंच. “अगं, बसू या का जरा?” असं हाच म्हणाला, तेव्हा मी ह्याच्याकडे बघतच राहिले.

आमच्या शेजारी कठड्यावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांच्या काखेत थर्मास, हातात मातेचं भोपळ्याचं भांडं. माते हा एका झाडाच्या वाळवलेल्या पानांचा काढा. भांडं चुऱ्यानं अर्ध्याहून जास्त भरलेलं असतं आणि त्यात धातूची एक नळी खोचलेली असते. पाणी उकळतं चालत नाही, कडवट होतं. आजोबांनी नळीच्या कडेनं अगदी बारीक धार सोडली, आधी स्वतः ओढून भांडं रिकामं केलं, पुन्हा भरलं आणि आजींच्या हातात दिलं. आजी पिऊन झाल्या की भांडं परत आजोबांकडे. भरणारा एकच, नळी एकच. उष्ट्याचा विचार इथे कुणाच्या मनातही येत नाही; रस्त्यावर, बागेत, मित्रांच्या घोळक्यात हेच चालू असतं. बराच वेळ दोघं बोलली नाहीत. मग आमच्याकडे बघून आजोबांनी भांडं पुढे केलं. चव कडू, गवताच्या वासाची, थोडी धुरकट. दुसऱ्या खेपेला बरी लागली.

आपल्या शहरांत पन्नाशी-साठीच्या नवराबायकोनं जोडीनं बसावं अशी जागा शोधावी लागते. मंदिराची पायरी किंवा डॉक्टरांची वेटिंग रूम, एवढीच आपली ठिकाणं. निवांतपणा हा माणसाचा स्वभाव असतो असं मी समजत होते. इथे वाटलं, तो शहरानं माणसाला द्यावा लागतो. त्यासाठी पाण्याकाठची जागा सगळ्यांसाठी मोकळी ठेवावी लागते.

सगळ्यांना ती मिळाली असं मात्र नाही. बार्रिओ सुर या वस्तीत मेदियोमुंदो नावाची मोठी चाळ होती. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आणि अंगणात ढोल वाजवत. 1978 च्या डिसेंबरमध्ये लष्करी राजवटीनं माणसं बाहेर काढली आणि चाळ पाडली. घरं गेली, पण ढोल राहिले. त्यांच्या वादनाला कान्दोंबे म्हणतात. 3 डिसेंबर हा आता कान्दोंबेचा राष्ट्रीय दिवस आहे आणि 2009 मध्ये युनेस्कोनं या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

बंदराजवळच्या कार्निव्हल संग्रहालयात आम्ही कान्दोंबेचे पोशाख पाहिले. कान्दोंबेच्या मिरवणुकीत एक म्हातारी असते, पंखा घेतलेली, घेरदार झगा घातलेली. तिचा जोडीदार पांढऱ्या दाढीचा, काठी टेकणारा, जडीबुटीची पेटी सांभाळणारा वैदू. थरथरत का होईना, तो तिच्यासमोर नाचतो. नाचणाऱ्यांत म्हाताऱ्या जोडप्याला असा मान देणारी माणसं मला तिथेच आपली वाटली.

रविवारी संध्याकाळी इस्ला दे फ्लोरेस रस्त्यावर गेलो. कडेला पुठ्ठे आणि लाकडं पेटवली होती आणि त्याभोवती ढोल आडवे ठेवून कातडी शेकत होते. आपल्याकडे हलगी शेकतात ना, अगदी तसंच. मधूनच कुणी बोटानं टिचकी मारून आवाज चढला का बघत होतं. ढोल तीन तऱ्हेचे, चिको, रेपिके आणि पियानो. पट्ट्यानं खांद्याला अडकवून एका हातानं आणि दुसऱ्या हातातल्या काठीनं वाजवायचे. सुरुवात झाली आणि पियानोचा खर्ज थेट पोटात उतरला. वादक अगदी आखूड पावलं टाकत होते, त्यामुळे मागच्या गर्दीलाही भरभर चालता येईना. तान्ही बाळं कडेवर, कुत्री बरोबर, बाल्कनीतून टाळ्या. हा माझ्या बरोबरीनं चालत होता आणि न कळत पावलं ठेक्यावर पडत होती.

वादन थांबलं तेव्हा अंधार पडला होता आणि आम्हाला कडकडून भूक लागली होती. कोपऱ्यावरच्या पिझ्झावाल्याकडे फायना मिळते, चण्याच्या पिठाची खरपूस चपटी भाकर; जेनोव्हाहून आलेल्या इटालियनांनी इथे आणलेली. ती पिझ्झ्यावर ठेवून खायची असते. शेजारच्या टेबलावर मघाचे दोन ढोलकरी येऊन बसले. फायनावर मिरपूड भुरभुरायची, असं त्यांनी आम्हाला खुणेनं दाखवलं, आणि ह्यानं लगेच दुसरी मागवली.