चार बाय सहाची न्हाणी

आमच्या रेणापूरच्या घरातली न्हाणी चार फूट रुंद आणि सहा फूट लांब आहे. संडासही त्यातच आहे. घरात माणसे सात: अम्मी, आम्ही दोघे, धाकटा भाऊ, त्याची पत्नी आणि दोन मुली. थोरला मुलगा लातूरला शिकतो, तो सुटीत आला की आठ. फजरच्या वेळेस आणि शाळेच्या वेळेस या चोवीस चौरस फुटांसाठी रांग लागते. अशी न्हाणी काही आमच्या एकट्याच्याच घरी नाही. आमच्या भागात ज्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी माळवद पाडून स्लॅबचे घर बांधले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी हीच मापे धरली. खोली मोठी व्हावी म्हणून न्हाणी लहान केली.

आमच्याकडे त्या चोवीस फुटांतही दोन ड्रम उभे होते. २०१६ च्या उन्हाळ्यापासून ते तिथे होते. त्या वर्षी मांजरा धरण कोरडे पडले. लातुरात पाण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली. आपल्यापासून वीसेक किलोमीटरवर पाण्याची आगगाडी येते, हे पाहिलेल्या माणसाच्या घरात ड्रम येतोच. आमच्याकडे दोन आले, दोनशे-दोनशे लिटरचे. पुढे पाऊस झाला, नळाचे पाणी येऊ लागले. ड्रम मात्र जागचे हलले नाहीत.

गेल्या वर्षी अम्मींचे गुडघे फारच धरले. वय पंचाहत्तरीचे. उकिडवे बसता येईना, बसले तर उठता येईना. नमाज खुर्चीवर सुरू झाली. पण वुजूसाठी कोणीतरी तांब्याने पाणी घालायचे, संडासला जाताना कोणीतरी दंड धरून न्यायचे, आणि बाहेर उभे राहायचे. अम्मींनी आयुष्यभर कोणाला हाताखाली घेतले नाही, त्यांना हे जड जात होते. त्या बोलल्या मात्र कधीच नाहीत. उन्हाळ्यात त्यांना लघवीला जळजळ होऊ लागली म्हणून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, दिवसाकाठी पाणी किती पिता? तेव्हा कळले की रात्री कोणाला उठवायला नको म्हणून अम्मी दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या.

त्या आठवड्यात आम्ही न्हाणी नीट करायची ठरवली.

मिस्त्रींना बोलावले. त्यांनी भिंत पाडून आठ बाय पाचची न्हाणी करू म्हटले. तेवढी जागा नव्हती आणि तेवढे पैसेही नव्हते. दुसरा तोडगा त्यांनी सांगितला की पूर्वेच्या भिंतीला कमोड बसवा, जागा वाचेल. पण त्यावर बसणाऱ्याचे तोंड पश्चिमेला, म्हणजे किब्ल्याकडे येते. आपल्याकडून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला आहे. संडासात बसताना तिकडे तोंड किंवा पाठ नसावी, हा अदब घरात पहिल्यापासून पाळलेला. घर बांधताना अब्बांनी भांडे दक्षिणोत्तर बसवून घेतले होते. ते तसेच ठेवायचे हे आमचे पहिले ठरले. म्हणजे बदल उरलेल्या जागेतच करायचा.

मग आम्ही खडू घेतला आणि फरशीवर रेघा मारल्या. एका ड्रमखाली दोन बाय दोन, म्हणजे चार चौरस फूट जातात. दोन ड्रमांचे आठ. चोवीसातले आठ, म्हणजे तिसरा हिस्सा ड्रमांचा. दार आत उघडत होते, त्याला फिरायला आणखी चार फूट. संडासाचे भांडे आणि पाय ठेवायची जागा धरली की अंघोळीला आणि वुजूला उरत होती जेमतेम दोन फुटांची पट्टी. शेल्फ, स्टँड, कोपऱ्यातल्या जाळ्या असे बाजारात पुष्कळ मिळते. पण ते सगळे त्या दोन फुटांतच लागणार होते. जागा ड्रमांखाली होती.

ड्रम हलवायचे म्हटल्यावर अम्मींनी पहिल्यांदा विरोध केला. ज्यांच्यासाठी हलवायचे त्यांनीच. “मेरेकू पानी आँखाँ के सामने होना,” एवढेच म्हणाल्या. त्यात हट्ट नव्हता. १९७२ च्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरल्याचे त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितले आहे. दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली. नंतर २०१६ पाहिले. भरलेला ड्रम दिसला की त्यांना झोप लागते. आम्ही दोन दिवस गप्प बसलो. हा प्रश्न आता जागेचा राहिला नव्हता. त्यांच्या गुडघ्यांना जागा हवी होती आणि त्यांच्या मनाला पाणी हवे होते, आणि दोन्ही खरे होते.

तोडगा न्हाणीच्या पूर्वेच्या भिंतीपलीकडे सापडला. तिथे जिना आहे. जिन्याखाली जुनी सायकल, सरपण आणि रिकामी पोती पडलेली. ते काढून अडीच फूट उंचीचा विटांचा ओटा बांधला. दोन भरलेल्या ड्रमांचे वजन चारशे किलोंच्या वर जाते, म्हणून लोखंडी स्टँडवर भरवसा ठेवला नाही. दोन्ही ड्रमांना तळाशी तोटी बसवून पाइप जोडला, तो भिंतीतून आत घेतला आणि आत दोन फुटांवर नळ बसवला. ड्रम अम्मींच्या खाटेवरून दिसतात. झाकण उचलून पाणी किती आहे ते मुली त्यांना सांगतात. शिवाय आत कडप्प्याच्या फळीवर वीस लिटरची एक झाकणाची कळशी ठेवली, ती फक्त अम्मींच्या समाधानासाठी.

ओटा कमी उंचीचा असल्याने नळाला धार बारीक येते. आधी मुलींची कुरकुर होती, पण वुजूला तीच धार सोयीची निघाली. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आले आहे की प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत. मुद्द म्हणजे आजच्या मापाने अर्धा ते पाऊण लिटर, आणि चार मुद्दांचा एक साअ. आपण ऐकतो, मान हलवतो आणि नळ सोडून मिस्वाक शोधायला लागतो. आम्ही नळाखाली घमेले ठेवून मोजले. अंगणातल्या मोठ्या नळावर एका वुजूला सहा लिटर पाणी जात होते. या बारीक धारेवर दोन लिटरच्या आत भागते. अम्मींच्या एकट्यांच्या पाच वुजूंचे दिवसाला वीस लिटर वाचले. दहा दिवसांत एक ड्रम.

बसायची जागा कशी करायची याचा नमुना मशिदीतच होता. वुजूखान्यात बैठक असते, पुढे नाली आणि समोर नळ. माणूस बसून हात-पाय धुतो, पाणी अंगावर येत नाही. आम्ही तेच लहान केले. नळासमोर पश्चिमेच्या भिंतीला दोन फूट लांब, एक फूट रुंद शहाबादी फरशीची बैठक केली. मशिदीतली बैठक ठेंगणी असते. इथे उंची सोळा इंच घेतली, खुर्चीएवढी, म्हणजे उठताना गुडघ्यावर भार कमी येतो. बैठकीच्या कडा घासून गोल केल्या. नळ लाँग बॉडीचा घेतला, त्यामुळे धार भिंतीपासून पुढे येते आणि वाकावे लागत नाही. पायांसाठी शेजारी बधना असतो. उठताना धरायला स्टीलचा दांडा, तो विटेच्या भिंतीत लांब स्क्रूने पक्का केला. चिकटवायचे दांडे मिळतात, पण म्हाताऱ्या माणसाचा सगळा भार त्यावर येणार असेल तर ते घेऊ नयेत. याच बैठकीवर अम्मी अंघोळही करतात, आणि धुणे धुताना तिच्यावर बादली ठेवता येते. एका जागेची तीन कामे झाली.

संडासासाठी कमोड न बसवता चार पायांची खुर्ची आणली. मधे भोक असलेली, भांड्यावर ठेवायची. पायांना रबरी बूट आहेत, म्हणून घसरत नाही. ती घडीची आहे आणि भिंतीला टांगता येते. इथे प्रश्न आला की ती एरवी टांगलेली असावी की ठेवलेली? टांगली तर सगळ्यांना मोकळे. पण रात्री अडीच वाजता अम्मींनी ती काढून मांडायची कशी? शेवटी ठरले की खुर्ची कायम भांड्यावरच राहील. ज्याला नको असेल त्याने जाताना काढावी आणि येताना धुऊन परत मांडावी. पहिले पंधरा दिवस कोणी ना कोणी विसरत होते. मग धाकटीने दारावर आतून खडूने खुर्चीचे चित्र काढले. आता सवय झाली. लहान जागेत सोय कोणाची आधी पाहायची, हे ठरवल्याशिवाय ती पुरत नाही. ज्याचे गुडघे चालतात त्याने हलवाहलव करावी.

बाकीचे बदल बारीक आहेत. दार काढून फायबरचे बसवले आणि ते बाहेर उघडते. चार फूट जागा तर सुटलीच, पण आत कोणी पडले तर दार त्याच्या अंगावर अडत नाही. उंबरठा काढून तिथे हलका उतार दिला. गुळगुळीत टाइल्स नको म्हणून खरखरीत फरशी घेतली. चार फुटांत पाऊण ते एक इंच उतार नहाणी ट्रॅपकडे काढला, त्यामुळे पाणी साचत नाही आणि शेवाळ धरत नाही. नऊ इंची भिंतीत जुन्या घरांसारखा कोनाडा काढला. फळी बाहेर येते, खांद्याला लागते. कोनाडा जागा खात नाही. भिंत चार इंची असेल तर मात्र कोरू नये. झरोका डोक्याच्या वर आहे, म्हणजे मुलींना संकोच नाही आणि वाफही निघून जाते. खुंट्या दाराच्या मागे उंचावर आहेत, पाक कपड्यांवर शिंतोडे उडू नयेत म्हणून. बटण बाहेर आहे आणि आत रात्रभर लहान दिवा.

एक गोष्ट आम्ही लातूरच्या पोरांकडून घेतली. मुलाच्या खोलीवर सहा जण आणि मोरी आमच्याहूनही लहान. तिथे आत काहीच नसते. प्रत्येकाची लहान बादली. तीत साबण, ब्रश, तेलाची बाटली. आत जाताना घेऊन जायची, येताना घेऊन यायची. आमच्या कोनाड्यात नऊ बाटल्या होत्या, त्यांतल्या चार रिकाम्या. आता आत एक साबण, एक बधना आणि अम्मींची मिस्वाक. बाकीचे आपापल्या बादलीत.

लहान न्हाणीबद्दल दोन धोकेही सांगायला हवेत. गॅसचा गिझर बंद न्हाणीत कधीही बसवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि लहान जागेत तो लवकर भरतो. माणसाला उठायचीही शुद्ध राहत नाही. तो बाहेर उघड्यावर बसवून आत फक्त गरम पाण्याचा पाइप घ्यावा. आम्ही पाणी अंगणातल्या बंबात तापवतो. दुसरे म्हणजे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकू नये, त्यातून विषारी वायू निघतो. आणि साठवलेल्या पाण्याचे झाकण घट्ट असावे. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच होतो. आठवड्यातून एकदा आम्ही एक ड्रम रिकामा करून घासून वाळवतो, तोवर दुसरा चालतो. दोन ड्रम ठेवण्याचा तेवढा फायदा आहे.

सगळा खर्च वीस हजारांच्या आत झाला. न्हाणी आजही चार बाय सहाचीच आहे, सकाळची रांगही आहे. मोठ्या मुलीला आत आरसा हवा आहे, तो कुठे लावायचा हे अजून ठरत नाही. अम्मी मात्र फजरला स्वतः उठतात, स्वतः वुजू करतात. आम्हाला जाग येते ती नळाच्या बारीक आवाजाने. त्यांच्या उशाशी आता रात्री पाण्याचा तांब्या असतो आणि सकाळी तो रिकामा असतो, अल्हम्दुलिल्लाह.

ज्यांच्या घरी आईवडील थकले आहेत त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: मिस्त्रीला बोलावण्याआधी एकदा त्यांना विचारा की रात्री पाणी पिता का. उत्तर लगेच मिळणार नाही. दोन-तीनदा विचारावे लागेल.